भातखाचरातला बेडूक आणि जावा बेटावरून आलेले नाव : देवगड तालुक्यातील एका नोंदवहीचे प्रकरण

देवगड तालुक्यातील एका गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत उभयचरांच्या पानावर तीन शास्त्रीय नावे एकाखाली एक लिहिलेली होती : राना लिम्नोकॅरिस, फेजेर्वार्या लिम्नोकॅरिस आणि मिनर्वार्या सिहाद्रेन्सिस. तिन्ही नावांपुढे स्थानिक नावाच्या रकान्यात ‘शेतातला लहान बेडूक’ एवढेच होते आणि अधिवासाच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी ‘भातशेती’ असा शेरा होता. नोंदवही तपासण्यासाठी माझ्याकडे आली तेव्हा गावाच्या जैवविविधता समितीचा प्रश्न साधा होता : यातले कोणते नाव ठेवायचे आणि कोणते खोडायचे? पुढे लक्षात आले ते असे की, तिन्ही नावे एकाच प्राण्याला लावलेली होती, आणि ज्या दुसऱ्या बेडकाला खरोखर स्वतंत्र ओळ मिळायला हवी होती, तो नोंदवहीत आलेलाच नव्हता.

जैवविविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक संस्थेच्या पातळीवर व्यवस्थापन समिती नेमली जाते आणि गावातील जीवजातींची, त्यांच्या वापराची व त्यांच्याविषयीच्या ज्ञानाची नोंदवही तयार करणे हे तिच्या कामांपैकी एक महत्त्वाचे काम असते. ही नोंदवही उद्या एखाद्या खाणीच्या, रस्त्याच्या किंवा बागायतीच्या प्रस्तावाच्या वेळी पुढे ठेवली जाऊ शकते. म्हणून त्या पानावर काय लिहिले आहे, याला कागदी शिस्तीच्या पलीकडे महत्त्व आहे. या गावाने ती मनापासून भरली होती. माशांची, औषधी वनस्पतींची आणि भाताच्या जुन्या वाणांची पाने तर इतकी सविस्तर होती की ती वाचताना आनंद झाला. बेडकांचे पान मात्र वेगवेगळ्या काळातील तीन छापील याद्यांवरून उतरवून काढलेले होते आणि घोळ तिथेच झाला होता.

हा घोळ समजून घ्यायचा तर थेट जावा बेटापर्यंत जावे लागते. ‘राना लिम्नोकॅरिस’ हे नाव १८२९ मध्ये ग्राफेनहोर्स्ट या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाच्या ग्रंथातून प्रसिद्ध झाले. नाव सुचवले होते हाइनरिश बोइए याने, जो जावात काम करीत असताना १८२७ मध्येच तिथे मरण पावला होता. ज्या बेडकावरून हे वर्णन झाले तो जावाचा होता. प्राण्यांच्या नामकरणात ही गोष्ट निर्णायक असते, कारण प्रत्येक नाव एका मूळ नमुन्याला आणि त्या नमुन्याच्या ठिकाणाला कायमचे बांधलेले असते. सातबाऱ्यावर खातेदार कितीही बदलले तरी गट क्रमांक त्याच जमिनीचा राहतो, तसे हे नाते आहे. वंश (शास्त्रीय नावातला पहिला शब्द) बदलेल, कुल बदलेल, पण ‘लिम्नोकॅरिस’ म्हणजे जावाचा तो बेडूक आणि ज्यांचे त्याच्याशी जातीचे नाते सिद्ध होते तेवढेच बेडूक.

एकोणिसाव्या शतकातल्या संग्रहालयांत मात्र स्पिरिटमध्ये ठेवलेले, रंग उडालेले नमुनेच हाताशी होते. लहान चण, पाठीवर उभ्या वळ्या, बोटांमध्ये अर्धवट पडदा, कधी पाठीच्या मधोमध फिकट रेघ, कधी तीही नाही : असा बेडूक भारतीय उपखंडापासून जपानपर्यंत जिथे जिथे पाणथळ आणि भातशेती आहे तिथे तिथे सापडत होता. जॉर्ज बुलेंजर यांनी १८९० मध्ये ब्रिटिश भारतातील सरपटणाऱ्या व उभयचर प्राण्यांवर जो खंड लिहिला, त्यातही हा सगळा पसारा याच नावाखाली आला. त्यांच्यासमोर जे नमुने होते त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष त्या काळाला धरून होता. पण त्यामुळे कोकणातल्या कुणग्यातला, म्हणजे भाताच्या लहान खाचरातला, बेडूक आणि जावाच्या खाचरातला बेडूक कागदावर सव्वाशे वर्षे एकच राहिले.

यात एक अपवाद घडला, आणि तो आपल्याच प्रदेशातला आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९१९ मध्ये तत्कालीन मुंबई इलाख्यातील काही लहान ओढ्यांच्या प्राणिसृष्टीवर लेख लिहिला. त्या कामात त्यांना सह्याद्रीच्या परिसरातला हा लहान बेडूक वेगळा वाटला आणि त्यांनी त्याला ‘सिहाद्रेन्सिस’ हे नाव दिले. सह्याद्रीवरून आलेले हे नाव पुढची अनेक दशके फारसे कोणी वापरले नाही. महाविद्यालयांतील प्रात्यक्षिकांच्या वह्यांत आणि जिल्ह्यांच्या याद्यांत लिम्नोकॅरिसच लिहिले जात राहिले. अ‍ॅनंडेल यांच्याकडे जनुकीय तपासणी नव्हती, ध्वनिमुद्रण नव्हते. ओढ्याकाठी स्वतः जाऊन, ताजे बेडूक हातात घेऊन पाहिल्यामुळे त्यांना जे दिसले, ते पुढे साधने आल्यावर इतरांना पटले. मला हा त्यांच्या कामाचा मोठा भाग वाटतो.

खरी उलथापालथ २००० नंतर झाली. अ‍ॅलेन द्युब्वा आणि अ‍ॅनमारी ओलर यांनी २००० मध्ये लिम्नोकॅरिसच्या मूळ नमुन्यांचा प्रश्न नव्याने तपासला. त्यापुढच्याच वर्षी जावा, सुमात्रा आणि बोर्निओ या बेटांवरील बेडकांचा बाह्य रचना आणि जनुके या दोन्ही अंगांनी अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा खुद्द बेटांवरच एक नव्हे तर दोन जाती निघाल्या, आणि दुसरीला इस्कंदरी हे नाव मिळाले. म्हणजे ज्या बेटावरून हे नाव निघाले तिथेही ते सगळ्यांना पुरत नव्हते. जपानच्या दक्षिणेकडील साकिशिमा बेटांवरचे बेडूक २००७ मध्ये वेगळी जात म्हणून नोंदले गेले. त्याच सुमारास मध्य पश्चिम घाटातून, कर्नाटकच्या बाजूने, याच गटातील चार नव्या जातींचे वर्णन झाले. एका नावाखाली दडलेले बेडूक एकेक करून असे बाहेर येऊ लागले.

जातींबरोबर वंशाचे नावही हलले, आणि नोंदवह्या भरणाऱ्यांचा खरा गोंधळ इथे होतो. राना हा वंश पूर्वी जवळपास सर्व सामान्य बेडकांना सामावून घेत असे. त्यातून आधी लिम्नोनेक्टिस आणि मग फेजेर्वार्या हे नाव या बेडकांना लागू झाले. २००१ मध्ये द्युब्वा, ओलर आणि एस. डी. बिजू यांनी नैर्ऋत्य भारतातून जेमतेम दोन सेंटिमीटरच्या एका बेडकासाठी मिनर्वार्या हा नवा वंश स्थापन केला. २०११ मध्ये बांगलादेशातील अभ्यासकाने दक्षिण आशियातील फेजेर्वार्यांना वेगळे काढून झेकराना हे नाव सुचवले. पुढे जनुकीय वंशवृक्ष स्पष्ट होत गेला तसे दिसले की मिनर्वार्याचा तो चिमुकला बेडूक याच दक्षिण आशियाई फांदीवर बसलेला आहे. मग दोन्हींतले आधीचे नाव ग्राह्य धरण्याच्या नियमाने झेकराना मागे पडले. २०१८ मध्ये सांचेझ आणि सहकाऱ्यांनी हा हिशेब पक्का मांडला : बहुतांश आग्नेय आशियाई जाती फेजेर्वार्यात, बहुतांश दक्षिण आशियाई जाती मिनर्वार्यात. कोकणातला आपला बेडूक त्यामुळे मिनर्वार्या सिहाद्रेन्सिस झाला.

या वाटणीत अंदमानची गोष्ट विशेष लक्ष देण्याजोगी आहे. तिथला अंदमानेन्सिस हा बेडूक स्टोलिझ्का यांनी १८७० मध्ये एका प्रकाराच्या रूपाने नोंदवला होता. बंगालच्या उपसागरातले हे बेट नकाशावर कोकणापेक्षा म्यानमार आणि सुमात्रा यांना कितीतरी जवळ आहे, तरी तो बेडूक आज मिनर्वार्यात, म्हणजे आपल्या खाचरातल्या बेडकाच्या वंशात, गणला जातो. त्याच बेटावरचा चार्ल्सडार्विनी हा बेडूक इंद्रनील दास यांनी १९९८ मध्ये राना म्हणून वर्णिला. त्यानंतर तो एकापेक्षा अधिक वंशांत फिरला आणि आता तोही मिनर्वार्यात आला आहे. त्याची पिल्ले झाडांच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात वाढतात, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांनुसार नर-मादीची जोडी ढोलीच्या आतल्या भिंतीवर उलटी लटकून, पाण्याच्या वर अंडी घालते. एकाच वंशातला एक भाऊबंद चिखलणीच्या पाण्यात अंडी घालतो आणि दुसरा झाडाच्या पोटात उलटा लटकून. समुद्राच्या अंतरावरून नाते ठरवता येत नाही आणि दिसण्या-वागण्यावरूनही ते पुरते ठरत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल असे मला वाटत नाही.

आता गावाकडे येऊ. नोंदवहीतील तीन ओळींपैकी पहिल्या दोन ओळींत एकाच जावाच्या जातीचे जुने आणि आजचे नाव होते, आणि तिसरी ओळ हे कोकणातल्या बेडकाचे आजचे नाव होते. तीन जाती नव्हत्या, तीन पिढ्यांच्या याद्या होत्या. कागदावरून एवढे सांगता येत होते. पण शेतात प्रत्यक्ष काय आहे ते पाहिल्याशिवाय तिसरी ओळ तरी बरोबर आहे असे म्हणणे योग्य झाले नसते.

लावणीच्या दिवसांत, संध्याकाळी पाऊस ओसरल्यावर, आम्ही समितीच्या दोघा सदस्यांसह खलाटीतल्या, म्हणजे सखल भातजमिनीतल्या, कुणग्यांच्या मेरेने (बांधाने) फिरलो. बेडूक शोधावे लागत नव्हते. पाय पुढे टाकला की मेरेवरच्या गवतातून चार-पाच पाण्यात उड्या मारत. एक नर पारदर्शक पिशवीत घेऊन विजेरीच्या प्रकाशात नीट पाहिला. थोराड माणसाच्या अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा, पाठ मातकट तपकिरी, तीवर तुटक उभ्या वळ्या, कपाळाच्या मागे डोळ्यांमध्ये गडद पट्टा. हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी काळसर डाग मध्याकडे येत होते, जे नराच्या कंठपिशवीचे चिन्ह असते. हातातली पारदर्शक पिशवी उलटी केल्यावर पांढऱ्या पोटाच्या दोन्ही कडांना बगलेपासून जांघेपर्यंत गेलेली एकेक बारीक रेघ दिसली. फेजेर्वार्या आणि मिनर्वार्या या दोन्ही वंशांच्या बेडकांत ही रेघ असते आणि इतर बेडकांपासून त्यांना वेगळे काढायला ती फार उपयोगी पडते. पण या दोन वंशांना एकमेकांपासून वेगळे करायला ती उपयोगी नाही. शेजारीच पकडलेल्या दुसऱ्या नराच्या पाठीवर मधोमध लख्ख पांढरी रेघ होती, पहिल्याच्या नव्हती. जुन्या याद्यांत अशा रेघेवरून ‘प्रकार’ पाडलेले दिसतात. प्रत्यक्षात एकाच खाचरात, एकाच हाकेने ओरडणाऱ्या नरांमध्ये हा फरक सर्रास आढळतो आणि त्यावर काही ठरवू नये.

त्या मेरेवर लावणी करून परतणाऱ्या एका काकींनी आम्ही काय पाहतो आहोत ते विचारले. सांगितल्यावर त्यांनी सड्याकडे, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठाराकडे, हात केला आणि म्हणाल्या, “सड्यावरचो येगळो, ह्यो शेतातलो येगळो. आवाज आयकलास तर समाजतला.” सड्यावरचा बेडूक पहिल्या पावसात ओरडतो आणि मग गप्प होतो, शेतातला मात्र कापणीच्या आधीपर्यंत ऐकू येतो, असेही त्यांनी सांगितले. समितीचे सदस्य गावचेच होते. त्यांनाही हे ठाऊक होते, फक्त नोंदवहीत ते लिहायचे असते असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोलाची माहिती हीच होती. छापील यादीतून ती कधीच मिळाली नसती.

सड्यावर आम्ही त्या हंगामात उशिरा पोहोचलो होतो, तरी जांभ्या कातळाच्या एका खळग्यात, पाण्याच्या काठच्या ओल्या मातीत एक प्रौढ बेडूक मिळाला. तो तांबूस होता, अंगाने गोलसर आणि पायाने आखूड. मागच्या पावलाच्या आतल्या बाजूचा कठीण उंचवटा फावड्यासारखा पुढे आलेला होता. हे लक्षण माती खणून आत राहणाऱ्या बेडकांचे असते, आणि मिनर्वार्यात ते रुफेसेन्स नावाच्या गटात ठळक असते. या गटातील बेडूक पावसाच्या सुरुवातीला थोडे दिवस प्रजननासाठी वर येतात आणि बाकीचा काळ जमिनीत काढतात. काकींनी सांगितलेल्या गप्प होण्याचा अर्थ इथे लागतो.

या बेडकाचे नाव काय लिहायचे, यावर समितीत खरी चर्चा झाली. एका सदस्याचे म्हणणे असे की रुफेसेन्स लिहून मोकळे व्हावे, कारण जुन्या पुस्तकात मलबार किनाऱ्यापासूनचा असा बेडूक त्याच नावाने आहे. दुसऱ्यांचे म्हणणे, आंबोली आपल्याच जिल्ह्यात आहे, तेव्हा आंबोलीचे नाव लिहावे. त्यांना आठवत होते ते नाव सेप्फी. सोनाली गर्ग आणि एस. डी. बिजू यांनी २०१७ मध्ये रुफेसेन्स गटातून ज्या चार नव्या जाती वेगळ्या केल्या त्यांतली ही एक, आणि ती आंबोलीच्या परिसरातील. दोन्ही सूचना समजण्याजोग्या होत्या आणि दोन्ही मला धोक्याच्या वाटल्या. पहिल्या सूचनेत लिम्नोकॅरिसच्या बाबतीत झालेलीच गोष्ट लहान प्रमाणावर पुन्हा होते : दूरच्या ठिकाणचे नाव, सारखे दिसते म्हणून, इथल्या प्राण्याला लावायचे. दुसऱ्या सूचनेत जवळचे नाव लावायचे, पण आंबोली घाटमाथ्यावर सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि देवगडचे सडे समुद्राला लागून आहेत. मधे नद्या, खलाट्या, खाड्या आणि जंगलाचे पट्टे आहेत. उघड्या कातळावरच्या आणि ओल्या मातीच्या जिवांसाठी हे सडे एकमेकांपासून तुटलेल्या बेटांसारखेच आहेत. दोन्ही ठिकाणी तीच जात असू शकते. नसूही शकते.

आंबोलीच्याच दुसऱ्या एका प्राण्याचा दाखला मी त्या वेळी समितीपुढे ठेवला. तिथल्या कातळांवर पावसाच्या सुरुवातीला दिसणारा पिवळसर पट्ट्यांचा भेक (टोड) पूर्वी कोयनेच्या भेकाच्या, म्हणजे सोमण यांनी १९६३ मध्ये वर्णन केलेल्या जातीच्या, नावाखालीच मोडत असे. २००९ मध्ये बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हींची तुलना केली तेव्हा आंबोलीचा भेक स्वतंत्र जात ठरला आणि दोघांसाठी झँथोफ्रिनी हा नवा वंशच करावा लागला. आज आंबोलीचा तो भेक अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. तो कोयनेच्या नावाखाली राहिला असता तर त्याच्या एवढ्याशा अधिवासाची काळजी कोणाच्या ध्यानातही आली नसती. लिम्नोकॅरिससारख्या, अर्ध्या आशियावर पसरवलेल्या नावाचे हेच होते. ज्या जातीची व्याप्ती इतकी मोठी दाखवली जाते तिच्यासाठी चिंता करण्याचे कारण कोणालाच दिसत नाही, आणि तिच्या आत एखाद्या सड्यापुरता उरलेला बेडूक असेल तर तोही त्या निश्चिंतीत झाकला जातो.

गोव्याच्या बाजूचे पुरावेही याच दिशेला बोट दाखवतात. तिथून गोमांतकी आणि गोएंची या दोन जातींची वर्णने गेल्या दशकात आली. महाराष्ट्रातील उत्तर सह्याद्रीतून २०१९ मध्ये मराठी हे नाव घेऊन आणखी एक जात आली. देवगडचा सडा या सगळ्यांच्या मधे पडतो, आणि किनाऱ्यालगतच्या सड्यांवर कोणी हाका मुद्रित करून, नमुने घेऊन, क्रमशः काम केले तर काय निघेल याविषयी मला मोठी उत्सुकता आहे.

समितीने शेवटी जे लिहिले ते असे. राना लिम्नोकॅरिस आणि फेजेर्वार्या लिम्नोकॅरिस या दोन ओळी खोडल्या नाहीत. त्या ‘पूर्वीच्या याद्यांतील नावे’ अशा नव्या रकान्यात मिनर्वार्या सिहाद्रेन्सिसच्या ओळीसमोर नेल्या, कारण एखाद्या अभ्यासकाने पन्नास वर्षांपूर्वीची यादी शोधत या गावाची नोंदवही उघडली तर त्याला दुवा सापडला पाहिजे. सिहाद्रेन्सिस या नावापुढे ‘बाह्य लक्षणांवरून’ असा शेरा दिला. सिहाद्रेन्सिस या नावाखालीही पुढे आणखी जाती निघू शकतात, म्हणून शेऱ्याशिवाय ते नाव ठेवायला मी तयार नव्हतो, आणि समितीने हे मान्य केले. सड्यावरच्या बेडकाला नवी ओळ मिळाली : ‘मिनर्वार्या, रुफेसेन्स गट, जात निश्चित नाही’. त्यापुढे सड्याचे स्थानिक नाव, पाणी साचणाऱ्या खळग्याचे वर्णन, पायाच्या फावड्यासारख्या उंचवट्याचे छायाचित्र आणि तो कोणत्या नक्षत्रात ओरडतो व कधी गप्प होतो याची गावातून मिळालेली माहिती लिहिली. स्थानिक नावाच्या रकान्यात दोघांना ‘शेतातलो’ आणि ‘सड्यावरचो’ अशी गावाचीच नावे राहिली.

‘जात निश्चित नाही’ या शब्दांवर एका ज्येष्ठ सदस्याने आक्षेप घेतला होता. अशी अर्धवट नोंद असलेली वही कोणी गंभीरपणे घेणार नाही, असे त्यांना वाटत होते. ही भीती खोटी नाही. कार्यालयांत रिकामा रकाना दिसला की काम अपुरे समजले जाते. पण वर्गीकरण करणाऱ्याच्या दृष्टीने ही नोंद अपुरी नाही. वंश ठरला आहे, गट ठरला आहे, ठिकाण व काळ दिला आहे, आणि पुढचा निर्णय कोणत्या पुराव्यावर होईल तेही त्यात दिसते. उद्या जातीचे नाव ठरले तर ते या ओळीत भरता येईल, आणि मधल्या काळात वंशाचे नाव पुन्हा बदलले तरी ठिकाण, हाक आणि छायाचित्र बदलणार नाहीत. उलट घाईने लिहिलेले चुकीचे नाव पुढच्या यादीत जाते, त्या यादीवरून त्यापुढच्या यादीत जाते, आणि ते काढायला पुढच्या पिढीला जावापर्यंत जावे लागते. हे बोलणे झाल्यावर त्या सदस्यांनी आक्षेप मागे घेतला आणि त्या ओळीवर पहिली सही त्यांनीच केली.

जनुकीय तपासणीसाठी ऊतीचा नमुना घ्यायचा तर त्याला रीतसर परवानगी लागते आणि ते काम अधिकृत संशोधन संस्थेमार्फतच व्हायला हवे, म्हणून समितीने तो भाग स्वतःकडे घेतला नाही. ध्वनिमुद्रणासाठी मात्र परवान्याची वाट पाहण्याची गरज नव्हती. गावातील माध्यमिक शाळेच्या मुलांनी मृगाच्या पहिल्या पावसानंतरच्या रात्री सड्यावर आणि खलाटीत मोबाईलवर हाका मुद्रित करायच्या, प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला ठिकाण, तारीख आणि वेळ तोंडी बोलून ठेवायची, आणि ते मुद्रण नोंदवहीच्या त्या दोन ओळींच्या क्रमांकाने साठवायचे, असे ठरले आहे. शेजारच्या दोन गावांच्या नोंदवह्यांतही लिम्नोकॅरिसच्या त्याच दोन ओळी आहेत. त्या समित्यांनी नवा रकाना कसा आखला ते पाहण्यासाठी ही वही मागून नेली आहे.